आवक: शून्य

मी वाशीच्या दाणा बंदरात मुनीम आहे. गेली बावीस वर्षं गोण्या मोजतोय. एवढ्या काळात मला दोन गोष्टी नीट जमायला लागल्या. एक, लांबून थप्पी बघून ‘तीनशे चाळीस’ असं ठोकून देणं. आणि दोन, प्रत्यक्षात तीनशे छत्तीसच भरल्या तर उरलेल्या चार कुठे गेल्या याचं कारण शेठनी विचारायच्या आत तयार ठेवणं. पहिल्या गोष्टीमुळे बाजारात मान आहे, दुसरीमुळे नोकरी आहे.

त्यामुळे कन्येच्या शाळेतून पालकांच्या ग्रुपवर ‘नववी ब चे विद्यार्थी खाडीकाठच्या परिसंस्थेचे निरीक्षण करणार आहेत, मोजणीसाठी पालक हवेत’ असा निरोप आला, तेव्हा ‘मोजणी’ हा शब्द दिसताच मी ‘येतो’ असं लिहून मोकळा झालो. ‘परिसंस्था’ हा शब्द नंतर वाचला. तोवर बाकीच्या सत्तेचाळीस पालकांनी माझ्या ‘येतो’ला अंगठे दाखवले होते. अंगठा दाखवणे याचा मराठीत जो मूळ अर्थ आहे, तोच तिथेही होता.

ग्रुपवर प्रश्न दोनच आले. ‘याला मार्क किती?’ आणि ‘हे दहावीला येणार आहे का?’ विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं, ‘मार्क नाहीत.’ मग दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी कोणी थांबलंच नाही.

एका आईने मात्र आशा सोडली नव्हती. ‘होमी भाभाला चालेल का?’ असं तिने विचारलं. ज्यांच्या घरी सहावीतलं किंवा नववीतलं मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो: डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, तिच्यात लेखी, प्रात्यक्षिक, मुलाखत अशा चाळण्या असतात आणि मुलांनी स्वतः केलेला कृती-संशोधन प्रकल्प मांडायचा असतो. उत्तम कल्पना आहे. आमच्या मजल्यावर एका घरात तो झाला होता. कृती वडिलांनी केली, संशोधन आईने केलं आणि मुलाखतीला मुलगा गेला.

आम्हाला नावं ठेवायचा अधिकार नाही म्हणा. आमच्या अकरावीत लंबकाचा प्रयोग होता. लंबक हलवायचा, वेळ मोजायची आणि त्यावरून गुरुत्वाचं त्वरण काढायचं. उत्तर ९.८ येणार हे पुस्तकात आधीच छापलेलं. मग आम्ही ९.८ पासून सुरुवात करून उलटे चालत लंबकापर्यंत पोचायचो. वर्गातल्या साठ जणांचं उत्तर दशांशापर्यंत जुळायचं. तीन जणांचा लंबक तर कपाटातून बाहेरही निघाला नव्हता. त्यांचं उत्तर सगळ्यात अचूक आलं.

अशा पार्श्वभूमीच्या माणसासमोर बाईंनी पहिल्या दिवशी मुलांना नियम सांगितला. ‘दिसेल ते लिहायचं. दिसलं नाही तर शून्य लिहायचं. रकाना कोरा ठेवायचा नाही.’

मी मनात म्हटलं, ही पोरं आयुष्यात काय व्यापार करणार!

मुलांच्या चार तुकड्या पडल्या: झाडं, पाणी, चिखल आणि पक्षी. कन्या पक्ष्यांत होती, पण घरची म्हणून झाडाचं कामही तिच्याकडेच आलं, कारण झाड आमच्याच इमारतीच्या फाटकाशी होतं. बहावा. दर आठवड्याला त्याच्यासमोर उभं राहायचं आणि लिहायचं: पानं, फुलं, फळं, नाहीत, थोडी की खूप. देशात सीझनवॉच नावाचा उपक्रम नेमकं हेच करतो. केरळातल्या शाळांमधली पोरं वर्षानुवर्षं आपापल्या फणसाच्या नि आंब्याच्या मागे लागलेली आहेत. ऋतू पुढेमागे सरकतायत का, हे अशा हजारो कंटाळवाण्या नोंदी एकत्र केल्या तरच कळतं. एकेकटी नोंद म्हणजे ‘पानं: खूप. फुलं: नाहीत. फळं: थोडी.’ सात आठवडे हेच. आठव्या आठवड्यात सोसायटीने छाटणीवाला बोलावला. त्या शनिवारी कन्येने लिहिलं: ‘पानं: नाहीत. फुलं: नाहीत. फळं: नाहीत. फांद्या: नाहीत.’ शेवटचा रकाना तक्त्यात नव्हता. तो तिने आखून घेतला.

सेक्रेटरींनी ते वाचलं आणि म्हणाले, “अगं, हे असं नको लिहूस. ‘झाडाची निगा राखली’ असं लिही.”

ती म्हणाली, “काका, निगा दिसली नाही ना मला.”

पाण्याच्या तुकडीने आमच्या घरातली स्टीलची थाळी नेली. पाणी किती गढूळ आहे ते मापायला तबकडी लागते. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या एका इटालियन खगोलशास्त्रज्ञाने ती पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात सोडली होती. रीत अगदी सोपी: तबकडी दोरीने खाली सोडत जायची, ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. मुलांनी थाळी चार भागांत काळी-पांढरी रंगवली आणि नाल्याचं पाणी जिथे खाडीला मिळतं त्या कोपऱ्यात सोडली. थाळी वीतभर गेली आणि दिसेनाशी झाली. दोरी मोजली, वहीत लिहिलं, दोरी ओढली. थाळी दोरीला नव्हती. त्यामुळे शास्त्रीय निष्कर्ष निघायच्या आधी घरगुती निष्कर्ष निघाला. सौ. अजूनही पंगतीला पाच ताटांच्या जागी चार मांडते आणि माझ्याकडे बघते.

चिखलाच्या तुकडीचं काम मला सगळ्यात आवडलं. काठावर, पाय रुतणार नाहीत अशा जागी, एक मीटर लांबी-रुंदीची पाइपची चौकट ठेवायची आणि आत काय काय आहे ते मोजायचं. मी बावीस वर्षं वाशीत राहतो. चिखल हा चिखल असतो असंच समजत होतो. चौकट ठेवल्यावर कळलं की तिथे आमच्या सेक्टरपेक्षा दाट वस्ती आहे. तिवराची मुळं श्वास घ्यायला जमिनीतून वर आलेली, शिसपेन्सिली उलट्या खोचल्यासारखी. मधूनमधून बोटभर निवट्या, मासा असून चिखलावर उड्या मारणाऱ्या, डोळे कपाळावर नेऊन आपल्याकडे बघणाऱ्या. आणि खेकड्यांची बिळं. त्यातल्या एका जातीच्या नराचा एकच आकडा अंगापेक्षा मोठा. तो हलवून हलवून तो माद्यांना बोलावत असतो. दुसरा आकडा जेवायला. म्हणजे एका हाताने संसार आणि एका हाताने प्रचार.

बाजूने एक कोळीण मावशी पाटी घेऊन चालली होती. ती थांबली. “काय मोजता रं पोरांनो?”

“निवट्या, मावशी.”

“मोजून काय करनार? कालवन तं करनार नाय!” असं म्हणून ती हसली, पण मग टोपली खाली ठेवून तिने त्यांना दाखवून दिलं की ज्याला मुलं एक बीळ समजत होती ती दोन होती आणि ज्यात खेकडा आहे असं वाटत होतं त्यातून तो केव्हाच निघून गेला होता. ओल्या मातीची गोळी ताजी असेल तर मालक घरात. मुलांनी वहीतला आकडा खोडून दुरुस्त केला आणि समोर कारण लिहिलं: ‘मावशींनी सांगितले.’ मी म्हटलं, शास्त्रात असं चालतं का? बाई म्हणाल्या, शास्त्र असंच चालतं.

आता पक्षी.

फेब्रुवारीत जगभर चार दिवस एक पक्षी मोजणी होते. ती अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली, भारतात २०१३ पासून होते. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं आणि दिसतील ते सगळे पक्षी मोजून नोंदवायचे. तिच्या नावात परसदार आहे. वाशीच्या फ्लॅटला परसदार म्हणजे कपडे वाळवायची बाल्कनी, आणि तिथल्या पक्ष्यांची मोजणी ‘कबुतर’ या एका शब्दात संपते. म्हणून खाडीकाठचं सागर विहार ठरलं. २०२५ साली ही मोजणी ज्या शुक्रवारी सुरू झाली त्याची तारीख होती १४ फेब्रुवारी.

ही तारीख बाईंच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही नाही. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत.

वेळ मात्र माझ्या आईने ठरवली. पक्षी चिखलावर उतरतात ओहोटीला, तेव्हा ओहोटी कधी हे कळायला हवं. कन्या मोबाइल चाळत होती, तेवढ्यात आईने भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. “द्वितीया आहे. तिथीची पाऊणपट. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पुरी, म्हणजे सकाळी सव्वासातला ओहोटी.” मोबाइल शोधून शोधून त्याच्याच आसपास आला. आजीचा स्रोत वहीत कसा लिहायचा यावर थोडी चर्चा झाली आणि ‘आजी, कोकण’ असं लिहायचं ठरलं.

सकाळी सातला आम्ही पोचलो. नववी ब ची चौदा मुलं, बाई, मी आणि तीन दुर्बिणी. खाडीकाठच्या बाकांवर कॉलेजची मुलं-मुली दोघा-दोघांनी बसलेली. चौदा शाळकरी पोरं गळ्यात दुर्बिणी अडकवून, हातात वह्या घेऊन काठाने रांगेत उभी राहिली आणि एक जण ओरडला, “बाई, जोडीने आहेत की एकेकटे, तेपण लिहायचं ना?” तो शेकाट्यांबद्दल बोलत होता. दोन मिनिटांत सगळे बाक रिकामे झाले.

पक्ष्यांची मराठी नावं ही एक वेगळीच करमणूक आहे. काटकुळ्या लांब पायांचा तो शेकाट्या. डोक्यावरचं जग विसरून पाण्यात सूर मारणारा तो खंड्या. तेवढ्यात चष्मेवाला एक मुलगा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “काका, चार वंचक. तुमच्या मागे.” मी दचकून वळलो; धंद्यात माणूस सावध असतो. मागे फक्त मातकट रंगाचे चार बगळे ध्यान लावून बसले होते. ढोकरी म्हणतात ती हीच. बसलेली असते तेव्हा दगडासारखी दिसते आणि उडाली की आतून पांढरी शुभ्र निघते, म्हणून वंचक. आमच्या बाजारात असतात ते नेमके उलट: बाहेरून शुभ्र.

आणि समोर, चिखलाच्या पार टोकाला, गुलाबी पट्टा. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

या पाखराने आमच्या शहराला वेड लावलंय. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांमधली खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, १६९० हेक्टरांचं; २०२२ साली ठाणे खाडीचं नाव पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत लागलं. तेव्हापासून नवी मुंबईत फ्लेमिंगो भिंतींवर आहेत, पुलांखाली आहेत, चौकात उभे आहेत. रंगवलेले वर्षभर मुक्काम करतात. खरे बरेचसे कच्छकडून येतात, हिवाळा-उन्हाळा काढतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. त्यातला छोटा रोहित जगतो पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर. मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळून गाळून. शेवाळातल्या रंगद्रव्याने तो गुलाबी होतो आणि ते शेवाळ इथे फोफावतं त्याला आपलं सांडपाणीही हातभार लावतं. म्हणजे आम्ही नवी मुंबईकर आणि ठाणे-मुंबईकर मिळून सकाळी जे सोडतो, त्याचा हा गुलाबी परिणाम. शहराचा अभिमान कुठून सुरू होतो याचा फार खोलात विचार करू नये.

आमच्या बाजूलाच प्रभातफेरीचे निवृत्त काका येऊन उभे राहिले. “परवा पाच हजार होते,” ते म्हणाले. त्यांच्या मित्राने दहा सांगितले. तिसऱ्याने तर ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात केली, तेव्हा लाखाखाली काही येणार नाही हे कळलं.

मुलं मोजायला लागली आणि गोंधळली. एक, दोन, तीन करत सतरापर्यंत गेली की पक्षी जागा बदलायचे. इथे बावीस वर्षांची तपश्चर्या कामी आली. मी म्हटलं, “पोरांनो, थप्पी कशी मोजतात सांगतो. आधी दहा मोजा. दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा. आता तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढे जा.” बाई आश्चर्याने म्हणाल्या, “अहो, पक्षीतज्ज्ञ हेच करतात!” माझी छाती फुगली. माथाडी कामगारही हेच करतात, पण त्यांच्या गळ्यात दुर्बीण नसते.

पांढऱ्या बगळ्यांचा आकडा आला सदतीस. मग चष्मेवाल्याने दुर्बीण पुसून परत बघितलं. त्यातल्या नऊ प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. ओळखायचं कसं यावर वाद झाला. ‘उडतो तो बगळा’ असा नियम ठरला. तेवढ्यात वारा आला आणि दोन पिशव्या उडाल्या. नियम रद्द. वहीत नोंद झाली: ‘बगळे २८, पिशव्या ९ (त्यातील २ उडणाऱ्या).’

आता रोहित. दहा, वीस, तीस… कन्या डोळ्याला दुर्बीण लावून मोजत होती, दुसरी मुलगी लिहीत होती, मी मागून दिग्दर्शन करत होतो. साठ झाले. सत्तर. आणि माझा फोन वाजला.

शेठ. तूरडाळीचा भाव. मी फोन घेतला. आवाज तुटत होता, म्हणून खाडीच्या दिशेने चार पावलं पुढे गेलो. तरी तुटत होता, म्हणून जरा मोठ्याने बोललो आणि दुसरा हात हवेत हलवला, शेठना दिसावा म्हणून. जवळचे शेकाटे किंचाळत उठले. हा पक्षी चाळीतल्या चौकस आजीसारखा असतो. स्वतः घाबरतो आणि सगळ्यांना कळवतो. मग वंचक उठले, बगळे उठले, आणि त्यांच्यामागे तो सगळा गुलाबी पट्टा एकदम काळा-लाल होऊन हवेत गेला. एवढं सुंदर दृश्य मी वाशीत पाहिलं नव्हतं. मी फोनवर “शेठ, नंतर करतो” म्हणालो आणि मागे वळलो. चौदा मुलं माझ्याकडे बघत होती.

रोहित ऐरोलीच्या दिशेने दिसेनासे झाले. चिखल मोकळा.

“हरकत नाही,” मी म्हटलं, “दीडशे तरी असतील. दीडशे लिहा. अंदाज माझा आहे, कधी चुकत नाही.”

कन्या म्हणाली, “बाबा, सत्तरच मोजून झाले होते.”

“मग सत्तर लिही नि पुढे अधिकचं चिन्ह टाक.”

तिने लिहिलं: ‘७.३२ ते ७.३९: रोहित ७०, मोजणी अपुरी. ७.४०: रोहित शून्य. कारण: बाबांचा फोन.’ बाईंनी ‘बाबांचा’ खोडून ‘एका पालकांचा’ केलं. शिक्षकी पेशात अजून माणुसकी आहे.

घरी जाताना मी स्वतःची समजूत घालत होतो. सलीम अली लहान असताना त्यांनी एका घरट्याजवळचा चिमणा बंदुकीने मारला. मादीने दुसरा जोडीदार आणला, तोही मारला. आठवडाभरात असे आठ चिमणे गेले आणि पोराने ते सगळं इमानेइतबारे टिपून ठेवलं. पुढे १९०८ साली, बारा वर्षांच्या वयात, पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी घेऊन हा मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला आणि तिथून भारताचं पक्षिशास्त्र बदललं. आठ चिमणे मारून माणूस एवढा मोठा होऊ शकतो. मी तर फक्त फोन घेतला होता.

पण ते शून्य मला टोचत राहिलं. रात्री मी कन्येला विचारलं, “जे नव्हतंच ते लिहून काय मिळतं?”

ती म्हणाली, “बाबा, रकाना कोरा असला तर कळत नाही ना, की पक्षी नव्हते की बघायला कोणी गेलंच नव्हतं.”

मी गप्प बसलो. कोरा रकाना आणि शून्याचा रकाना यातला फरक मुनिमाला पोरीने सांगावा! आमच्या धंद्यात कोरा रकाना म्हणजे उद्या सोयीने भरायची जागा. शून्य लिहिलं की सोय संपली.

महिन्याभराने शाळेत तक्ते लागले. निकाल ऐकायला आलेल्या पालकांनी आधी शेवटचा तक्ता वाचला, कारण आपल्याकडे प्रकल्पाचा निष्कर्ष पाठ असतो: ‘पर्यावरण वाचवणे ही काळाची गरज आहे.’ विषय कुठलाही असो, हे वाक्य चालतं. नववी ब ने लिहिलं होतं: ‘निष्कर्ष: अजून माहीत नाही. एका वर्षाच्या नोंदींवरून सांगता येत नाही. पुढच्या नववीने चालू ठेवावे.’ होमी भाभावाल्या आईचा चेहरा पडला. एक वडील म्हणाले, “एवढी मेहनत करून हे?” मला मात्र पहिल्यांदाच वाटलं की इथे लंबक खरोखर कपाटाबाहेर आलाय.

सोमवारी पेढीवर तुरीच्या थप्पीत दोन गोण्या कमी भरल्या. अशा वेळी आमच्याकडे कारणं ठरलेली आहेत: ओल, तोलातली घट, नाहीतर उंदीर. उंदीर सगळ्यात सोयीचे; ते खुलासा करत नाहीत. मी वही उघडली, पेन टेकवलं आणि हातून लिहिलं गेलं: ‘कमी: २. कारण: अजून माहीत नाही.’

शेठनी ते दोनदा वाचलं. “मुनीमजी, बावीस वर्षांत हे कारण पहिल्यांदा बघतोय. कुठे शिकलात?”

“नववी ब, शेठ.”

कारण नाही म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. त्यांनी थप्पी पाडून मोजायला लावली. दोन्ही गोण्या मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

तेव्हापासून मला त्या उंदरांचं वाईट वाटतंय. बावीस वर्षं मी त्यांच्या नावावर काय काय लावलं! त्यांची एकदा रीतसर मोजणी व्हायला हवी असं मी घरी बोलून दाखवलं. कन्या लगेच तयार झाली. चौकट आहे, वह्या आहेत, चष्मेवालाही येईल म्हणाली.

“पण बाबा, फोन घरी ठेवून या.”